साहेब रडत होते

१

पाळणाघरात मूल येऊन गेलं होतं, आणि ही गोष्ट गंभीर होती.

कामकरी पालक साहाय्य संचालनालयाच्या तळमजल्यावर हे आदर्श पाळणाघर उभं राहिलं होतं. भिंतीवर ससे होते. सशांना टाय होते, कारण चित्रकाराला विषय 'नोकरदार कुटुंब' असा कळवण्यात आला होता. खेळणी प्लास्टिकच्या वेष्टनात होती, पाळण्यांवरच्या चादरींना इस्त्री होती. परवा मंत्री येऊन फीत कापणार होते आणि त्याच समारंभात सरकारचं नवं धोरण जाहीर होणार होतं: कार्यालयात पाळणाघर, आईला वाढीव रजा, बापाला पगारी रजा, दुपारी मुलाला पाजायला सुट्टी. तोपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नव्हतं, विशेषतः मुलांनी.

आणि आज सकाळी संचालक पाहणीला गेले, तर खिडकीकडच्या पाळण्यातली चादर ओली.

"पाणी सांडलं असेल," उपसंचालक म्हणाले.

"मी वास घेतला," संचालक म्हणाले. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसानं असं वाक्य उच्चारल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दक्षता कक्षातून चौकशीबाईंना बोलावण्यात आलं. त्यांना खरं नावही होतं, पण वीस वर्षं लोकांच्या चौकश्या केल्यावर ते कुणी वापरेना. बारीक चणीच्या बाई. समोरचा माणूस बोलून थांबला की आणखी थोडा वेळ नुसतं बघत राहायची त्यांना सवय होती. पुष्कळ लोक त्या वेळातच कबुली देत.

त्यांनी पाळणाघर पाहिलं. चादर ओली होती. कापडी अस्वलाचं वेष्टन फाटलं होतं आणि अस्वलाचा एक कान कुणीतरी मन लावून चघळला होता. पावडरीचा वास होता. कडी-कुलूप शाबूत होतं. किल्ली हरवू नये म्हणून ती पॅसेजमध्ये सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला अडकवलेली असे, त्यामुळे किल्लीवरून काही कळण्यासारखं नव्हतं.

"हे अनधिकृत वापराचं प्रकरण आहे," संचालक म्हणाले. "मंत्र्यांच्या आधी कुणीतरी उद्घाटन करून गेलंय. उद्या संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे. आणि नाव मला माहीत आहे. ती टायपिस्ट. कंत्राटी आहे, मुलगी लहान आहे, घरी कुणी नाही. शिवाय तिनं मला एकदा विचारलं होतं, हे पाळणाघर नक्की कुणासाठी आहे म्हणून."

"हा पुरावा झाला?" चौकशीबाईंनी विचारलं.

"हेतू झाला. दुसरं कुणी सापडलं नाही तर तिचं कंत्राट उद्याच संपवू. काय हो?"

हे 'काय हो' उपसंचालकांना होतं. धोरणाचं प्रत्येक कलम त्यांच्या हातचं. शब्द इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस. सगळ्यात उशिरा घरी जाणारा म्हणून मागच्या वर्षी त्यांचा सत्कारही झाला होता. ते खिडकीबाहेर बघत होते. "बघू," ते म्हणाले, आणि बघतच राहिले.

चौकशीबाई पाळण्याशी वाकल्या. पाळण्याच्या कडीला दोरी बांधलेली होती. फायली बांधायच्या लाल फिती एकीला एक जोडून केलेली. झोका द्यायला केली असणार, हे उघड होतं. त्यांनी ती ओढत ओढत दारापर्यंत नेली. दोरी उरली. भिंतीपर्यंत नेली. तरी उरली.

खोलीत बसून झोका द्यायला खोलीपेक्षा लांब दोरी कशाला लागते?

२

चौकशीबाईंनी पद्धतशीर सुरुवात केली. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना बोलवा, म्हणाल्या. आस्थापना शाखेनं बाळंतपणाची रजा घेतलेल्या बायका शोधल्या. बापांच्या रजेचा नियम या कार्यालयापुरता वर्षभर आधीच लागू झाला होता, पण ती रजा एकानंही घेतली नव्हती. म्हणजे कागदोपत्री त्या इमारतीत एकही बाप नव्हता.

पहिली स्वागतिका आली. हिचं नाव कुणीतरी खाजगीत सुचवलं होतं, की ती हल्ली पाळणाघराच्या दारावरून जाताना थबकते.

"थबकते," स्वागतिका म्हणाली. "पाय दुखतात."

चौकशीबाई बघत राहिल्या.

"बाई, दार लावू का?" तिनं दार लावलं. "मला सहावा चालू आहे. सगळ्यांना सांगितलंय की मी जाड झालेय. डाएटचे सल्ले ऐकतेय रोज. नोकरीत कायम व्हायला अजून दोन महिने आहेत, तोवर मला जाडच राहायचंय."

"या कार्यालयात?" चौकशीबाई म्हणाल्या. "याच कार्यालयात लपवावं लागतं?"

"इथेच तर जास्त. धोरण इथलंच, म्हणजे त्यातल्या पळवाटा पण यांनाच माहीत." ती उठली. "आणि माझं अजून आत आहे. ते बाहेर येऊन चादर ओली करून परत आत गेलं असेल, असं तुम्ही लिहिणार असाल तर लिहा."

मग टायपिस्ट आली. तिशीची, ताठ बसणारी. उपसंचालक मसुदा तोंडी सांगत आणि ती थेट टाइप करी, अशी त्यांची कामाची रीत होती. साऱ्या धोरणात तिच्या बोटांखालून न गेलेलं एक अक्षर नव्हतं.

"मुलगी दुपारची कुठं असते?"

"जावेकडे."

"जाऊबाई सांभाळतात?"

"सांभाळतात. सांभाळताना ऐकवतात. दोन्ही एकदमच होतं."

"इथे आणलीत कधी? खरं सांगा. चादर ओली होणं हा काही खून नाही."

"नाही आणली."

"मनातसुद्धा आलं नाही? रोज त्या दारावरून जाता."

टायपिस्टनं थोडा विचार केला. "बाई, मी त्या मसुद्यात 'पालक' हा शब्द किती वेळा टाइप केला असेल, सांगता येणार नाही. पण हे माझ्याबद्दल चाललंय असं कधी वाटलंच नाही. वाटायचं, पालक म्हणजे कुणीतरी दुसरी माणसं असतात. मग एक दिवस साहेबांनी कलम सांगितलं, 'कंत्राटी कर्मचारी वगळून'. तेव्हा खात्री झाली."

या वेळी बघत राहणं चौकशीबाईंना जमलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"त्या दिवशी विचारलंत संचालकांना, पाळणाघर कुणासाठी म्हणून?"

"पाटीवर काय लिहायचं ते विचारलं होतं. पाटी मलाच टाइप करायची होती."

"बरं. काल दुपारी कुठं होतात?" काल सकाळी चादर कोरडी होती, एवढं त्यांनी हुडकून काढलं होतं.

"सभागृहात. धोरणाची शेवटची बैठक. मी नोंदी घेत होते. छोटे साहेब बोलत होते." उपसंचालकांना सगळे छोटे साहेब म्हणत. "ते त्यांच्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या बंद दारापाशी. तिथं पंख्याचा वारा लागत नाही, घामानं निथळतात, पण जागा सोडत नाहीत. मध्येच म्हणाले, 'साहेब उठले वाटतं, आलोच', आणि गेले. थोड्या वेळानं आले. एक बाही ओली होती."

"साहेब उठले म्हणजे?"

टायपिस्टनं आवाज खाली आणला. "मोठे साहेब जेवणानंतर जरा पडतात. सगळ्यांना माहीत आहे. उठले की चहा आणि सह्या. म्हणून कुणी काही विचारलं नाही."

ती गेली. चौकशीबाई दोरीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. तेवढ्यात दारात सफाईवाल्या मावशी उभ्या राहिल्या. सांगावं की न सांगावं असं चाललेलं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"त्या पोरीला उगाच धरू नका," मावशी म्हणाल्या. "काल मी त्या दारापाशीच फरशी पुसत होते. आत मूल नव्हतं."

"मग?"

मावशींनी जमिनीकडे पाहिलं.

"आत साहेब रडत होते."

३

मावशींना हे कुणाला सांगायचं नव्हतं. मोठ्या माणसाची अब्रू ती. पण ऐकलं ते ऐकलं होतं. आत कुणीतरी कुजबुजत होतं, आणि मावशींनी शब्द जसेच्या तसे सांगितले: "रडू नका, साहेब. आलो. आलो ना आता. असं करतात का शहाणी माणसं?"

"साहेबांचा आवाज ऐकलात?"

"नुसतं हुंदके आवरल्यासारखं. मी बादली उचलली न् गेले. मोठी माणसं रडत असली की थांबू नये."

"समजूत घालणारी बाई होती की पुरुष?"

"कुजबुजीला काय कळतं, बाई."

मावशी गेल्या आणि चौकशीबाईंनी 'आलो' हा शब्द समोर ठेवला. एकटी बाई 'आले' म्हणते. 'आलो' म्हणजे एक पुरुष, नाहीतर दोन बायका. व्याकरणाला दोन्ही चालतं. चौकशीबाईंना दोन बायका जास्त पटल्या. स्वागतिका आणि टायपिस्ट, एकीचं मूल आणि दुसरीची मदत. अर्धा तास त्यांनी हा तर्क आवडीनं जोपासला. तो मोडला 'साहेब' या शब्दावर. दोन बायका संचालकांना पाळणाघरात नेऊन 'असं करतात का शहाणी माणसं' म्हणत असतील, तर प्रकरण ओल्या चादरीच्या फार पुढं गेलेलं होतं.

शेवटी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. असा प्रश्न विचारायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"साहेब, काल दुपारी आपण पाळणाघरात रडत होतात का?"

संचालकांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच साधे दिसत.

"मी?"

"साक्ष आहे."

"मी काल दौऱ्यावर होतो. ड्रायव्हरला विचारा. दुपारी चारशे किलोमीटरवर एका शाळेत भाषण करत होतो."

"पण बैठकीत छोटे साहेब म्हणाले, साहेब उठले."

"मी दुपारी झोपत नाही," संचालक ताबडतोब म्हणाले. मग मऊ आवाजात, "आणि नव्हतो मी इथे. कुणाच्या लक्षातही आलं नाही?"

कसं येणार? त्यांचं दार ते असले तरी बंद आणि नसले तरी बंद. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

म्हणजे मोठे साहेब इमारतीत नव्हते. मग उठलं कोण? रडलं कोण?

विचार करत बाई पॅसेजमधून निघाल्या. उपसंचालकांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत ते उभे राहून मसुदा सांगत होते, टायपिस्ट टाइप करत होती.

"'...यांची सेवा तात्काळ प्रभावानं संपुष्टात आणण्यात येत आहे.' संपुष्टातला ष पोटफोड्या."

"माहीत आहे, साहेब." टक टक टक. "यांची म्हणजे कुणाची? नाव काय घालू?"

उपसंचालकांची पाठ दाराकडे होती, त्यामुळे चौकशीबाईंना फक्त मान दिसली. मान हळूहळू लाल होत गेली, कानांपर्यंत.

टायपिस्टची बोटं थांबली. थोड्या वेळानं, न विचारता, तिनं स्वतःचं नाव टाइप केलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशीबाईंनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. संचालक, उपसंचालक, स्वागतिका, मावशी, आणि नोंदी घ्यायला टायपिस्ट, कारण तिची नोकरी संध्याकाळपर्यंत होती.

बाई स्वतः कोपऱ्यातल्या बंद दारापाशी बसल्या.

"इथं वारा येत नाही," संचालक म्हणाले.

"येत नाही. पण ऐकू येतं. पलीकडे पाळणाघर आहे." त्या खाली वाकल्या. दाराखालच्या फटीतून लाल फितीचं टोक बाहेर आलेलं होतं. ते त्यांनी सकाळीच सरकवून ठेवलं होतं. आता त्यांनी ते हळूच ओढलं, सैल सोडलं, पुन्हा ओढलं.

बंद दाराआडून पाळणा करकरायला लागला.

करकर चालू राहिली.

"मी दोन गोष्टी शोधत होते," चौकशीबाई म्हणाल्या. "एक मूल, जे कुणी पाहिलं नाही. आणि एक साहेब, जे इमारतीत नव्हते. मुलाची चादर सापडली, साहेबांचं रडणं सापडलं. आणि मला वाटत राहिलं की ही दोन वेगळी माणसं आहेत. माझी बहीण तिच्या नातवाला घरात काय म्हणते माहीत आहे? 'महाराज.' महाराज जेवले का, महाराजांनी शी केली. आपल्याकडे एरवी अहो-जाहो मोठ्यांना असतं, पण लाडात ते पाळण्यातल्यालाही होतं. 'रडू नका, साहेब.' मावशींनी बरोबर ऐकलं होतं. साहेबच रडत होते. फक्त साहेबांना अजून दात यायचेत."

मावशींनी कपाळावर हात मारला.

"परवा टायपिस्टबाई समोर बसून नोंदी घेत होत्या, त्यांच्या हातून ही दोरी हलणार नव्हती. दोरी हलली या खुर्चीवरून. या खुर्चीवरून एकजण 'साहेब उठले, आलोच' म्हणून गेले आणि ओली बाही घेऊन परत आले. आत मावशींनी पुन्हा 'आलो' ऐकलं. आलो म्हणजे एक पुरुष. हे मला पहिल्या तासात कळायला हवं होतं. पण मी या इमारतीतल्या प्रत्येक बाईला विचारलं की तुमचं मूल दुपारी कुठं असतं. पुरुषांपैकी एकालाही विचारलं नाही. मला ते सुचलंच नाही." त्यांनी दोरी सोडली. "नाव मी घेणार नाही. ज्याचं आहे त्यानं घ्यावं."

पलीकडे पाळण्याची करकर मंदावत मंदावत थांबली. संचालक छताकडे बघत होते. टायपिस्टची बोटं कळफलकावर तयार होती.

"माझं आहे," उपसंचालक म्हणाले.

ते उभे राहिले नाहीत. टेबलाशी बोलल्यासारखे बोलले. बायकोची रजा संपली, तिला दुपारची पाळी मिळाली. सासूबाई सांभाळणार होत्या, त्या पडल्या, पाय मोडला. जेवायच्या सुट्टीत घरी जायचं, मसुद्यांच्या मोठ्या पिशवीतून त्याला आणायचं, अंधार पडल्यावर न्यायचं. तो शहाणा आहे, फार रडत नाही.

"अहो, पण बापाची रजा तुम्हीच लिहिलीत की," स्वागतिका न राहवून म्हणाली.

"लिहिली. ज्या दिवशी नियम लागू झाला, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळे हसत होते. आता कोण कोण बाळंत होणार म्हणून. आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसत होतो." त्यांनी कपाळ पुसलं. "त्यानंतर ती मागायची कशी?"

"आणि काल?" चौकशीबाईंनी विचारलं. "काल मसुदा सांगताना?"

उपसंचालकांनी टायपिस्टकडे पाहिलं आणि नजर परत टेबलावर आणली. चौकशीबाई बघत राहिल्या नाहीत. गरज नव्हती.

संचालकांनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. "म्हणजे हा अनधिकृत वापर नव्हताच. ही प्रायोगिक तत्त्वावर चाचणी होती. वरिष्ठ अधिकाऱ्यानं स्वतः घेतलेली. मंत्र्यांना आवडेल हे."

"कालपर्यंत हे गैरवर्तन होतं," चौकशीबाई म्हणाल्या.

"काल ते टायपिस्टचं मूल होतं."

वाक्य बोलून झाल्यावर ते कसं ऐकू गेलं, हे संचालकांनाही कळलं असावं. कारण टायपिस्टनं ते, नोंदी घेणं हे तिचं कामच असल्यामुळे, टक टक करत लिहून घेतलं.

"हे गाळा," संचालक म्हणाले.

"राहू दे," चौकशीबाई म्हणाल्या. "माझ्या अहवालाला लागेल. तिचं कंत्राट चालू राहिलं तर कदाचित लागणार नाही."

संचालकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग कालचा आदेश मागवून घेतला आणि फाडला. चार तुकडे केले, खिशात घातले.

"आणि 'कंत्राटी वगळून'?" चौकशीबाईंनी विचारलं.

"ते उद्घाटनानंतर बघू."

"ते कलम माझं आहे," उपसंचालक म्हणाले. "वरून कुणी सांगितलं नव्हतं. खर्च कमी दिसावा म्हणून मीच घातलं. मी काढतो." या वेळी ते उभे राहिले होते, पण कुणाकडे बघत नव्हते.

५

सगळे गेले. टायपिस्ट आपल्या टेबलाशी येऊन बसली. उपसंचालक मागोमाग आले आणि शेजारी उभे राहिले. कॅन्टीनपर्यंत बातमी पोचली होती. पॅसेजमधून कुणीतरी तान्ह्या पोराच्या रडण्याची नक्कल करत गेलं, आणि पुढं हशा झाला.

"तुमची माफी—" उपसंचालकांनी सुरुवात केली.

"काम काय आहे, साहेब?" टायपिस्ट म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"कलम. 'कंत्राटी कर्मचारी वगळून' हे शब्द काढा."

तिनं काढले. एका बोटाचं काम होतं.

"नुसतं काढून भागेल?" ती पडद्याकडे बघत म्हणाली. "पुढं कुणाला वाचताना कळायचं नाही. 'कंत्राटी कर्मचाऱ्यांसह' असं घालू?"

"घाला."

टक टक टक.

"आणखी?"

"रजेचा अर्ज. माझाच." त्यांनी हात मागे बांधले, मसुदा सांगताना बांधत तसे. "'महोदय, पत्नीची प्रकृती बरी नसल्यामुळे...'"

टायपिस्टची बोटं हलली नाहीत. ती नुसती थांबली.

"'...घरगुती अडचणीमुळे,'" उपसंचालक म्हणाले.

ती थांबूनच होती. पॅसेजमध्ये पुन्हा एकदा तो रडका आवाज निघाला, या वेळी दोघांचा मिळून.

उपसंचालकांनी दाराकडे पाहिलं. दार लावून घ्यावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी ते लावलं नाही.

"'माझं मूल,'" ते म्हणाले, आणि आवाज अपुरा पडला म्हणून परत, पॅसेजमध्ये ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "'माझं मूल मला सांभाळायचं असल्यामुळे रजा मिळावी.'"

तिनं टाइप केलं. एकही चूक न करता, नेहमीसारखं.

"खाली काय घालू?" तिनं विचारलं. "'आपला विश्वासू'?"

उपसंचालकांनी पडद्यावरच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. पूर्ण धोरणात त्यांना एखाद्या शब्दासाठी इतका वेळ लागला नव्हता.

"नुसतं 'आपला' ठेवा," ते म्हणाले.